सरबत निघालं, वरण का निघालं नाही?

प्रश्न : ताई, दिवाळीत नायलॉनचा गालिचा घेतला. ‘डाग धरत नाही’ असं त्याच्या चिठ्ठीवर छापलं होतं. रोझ सरबत सांडलं तेव्हा ओल्या फडक्याने पुसलं आणि निघालं, आम्ही खूश. पण परवा नातवाने वरणाची वाटी उपडी केली. तो पिवळा डाग काही केल्या जात नाही. साबण लावला तर लालभडक झाला! आम्ही फसलो का? असले लेप शोधले तरी कोणी? आणि नातू दिवसभर त्याच गालिच्यावर रांगतो, त्याला काही अपाय नाही ना? – एक वाचक, नाशिक

उत्तर : फसला नाहीत. सरबताचा रंग आणि हळद या वेगवेगळ्या जातीच्या वस्तू आहेत आणि तुमच्या गालिच्यात बंदोबस्त आहे तो पहिल्या जातीचा. माझी सगळी नोकरी कापडाच्या फिनिशिंग खात्यात झाली. तिथे नव्या मुलांना मी आधी विचारायची, डाग कशाचा ते सांगा, मग उपायाचं बोलू.

नायलॉन जन्मला अमेरिकेत, विल्मिंग्टनच्या ड्यूपॉन्ट प्रयोगशाळेत. वॉलेस कॅरोथर्स यांच्या गटाने 28 फेब्रुवारी 1935 रोजी तो प्रथम बनवला. 1940 मध्ये बायकांच्या पायमोज्यांतून तो देशभर पोचला, गालिच्यांत नंतर शिरला. त्याच्या रेणुसाखळीच्या टोकांना अमाइन गट, म्हणजे नायट्रोजन असलेले छोटे अणुगट, असतात. रंगाऱ्याला ते हवेच असतात, कारण आम्लरंग, म्हणजे आम्ल पाण्यात चढणारे रंग, त्यांनाच धरून बसतात. पण सरबतातला कार्मोइसिनसारखा लाल रंगही आम्लरंगच! गालिचा रंगवून झाल्यावर ज्या जागा रिकाम्या उरतात, त्यांवर सरबत जाऊन बसतं. यावर उपाय निघाला तो चामडं कमावण्याच्या रसायनांच्या भाऊबंदांतून. ही सल्फोनेटेड रसायनं तंतूला आधीच पाजायची, म्हणजे रिकाम्या जागा भरून जातात आणि नव्या रंगाला थारा मिळत नाही. ड्यूपॉन्टने 1986 मध्ये ‘स्टेनमास्टर’ नावाने असे गालिचे बाजारात आणले. सुरुवातीची काही रसायनं उजेडाने पिवळी पडत, ती पुढे बदलावी लागली.

हळदीतलं कर्क्युमिन या वाटेने येतच नाही. ते तेला-तुपात विरघळतं आणि त्यांच्याबरोबर तंतूत उतरतं. अमाइनच्या जागा भरलेल्या आहेत की मोकळ्या, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. साबण अल्कधर्मी, म्हणून ते लाल झालं. त्याने डाग वाढला नाही, पाण्याने साबण पूर्ण काढलात की पुन्हा पिवळा होईल.

आता लेपाचं. तंतूच्या आत काम करणारं रसायन वेगळं आणि वर बसून द्रव थोपवणारा लेप वेगळा. या लेपाच्या शोधाशी पॅट्सी शर्मन हे नाव जोडलेलं आहे आणि ते आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून सविस्तर सांगते. अमेरिकेतल्या मिनेसोटात थ्रीएम कंपनीत त्या रसायनतज्ज्ञ होत्या. जेट विमानाच्या इंधननळ्यांसाठी टिकाऊ रबर शोधण्याचं काम चालू होतं. 1953 मध्ये एका सहायिकेच्या हातून प्रायोगिक लॅटेक्सची, म्हणजे फ्लोरिन असलेल्या पातळ रबराची, बाटली पडली आणि तिच्या कॅनव्हासच्या बुटांवर शिंतोडे उडाले. पाणी, साबण, अल्कोहोल, कशानेच ते निघेनात. पुढे बूट मळले, पण शिंतोड्यांची जागा स्वच्छ राहिली. शर्मन आणि त्यांचे सहकारी सॅम्युएल स्मिथ यांनी त्याचा पिच्छा पुरवला आणि 1956 मध्ये ‘स्कॉचगार्ड’ विक्रीला आलं. गिरणीत त्याच्या चाचण्या चालत, तेव्हा शर्मन यांना निकालासाठी बाहेर थांबावं लागे, कारण त्या काळी गिरणीत बायकांना आत घेत नसत. स्वतःच्या मालाची चाचणी स्वतः बघू न देणं! मला त्याचा आजही संताप येतो.

त्या लेपाचं मर्म पृष्ठताणात, म्हणजे द्रवाच्या थेंबात एकवटून राहण्याच्या ओढीत आहे. कापडाच्या पृष्ठभागाची ऊर्जा या ताणापेक्षा जास्त असेल तर द्रव पसरतो, बरीच कमी असेल तर थेंब होऊन राहतो. पाण्याचा पृष्ठताण 72 मिलिन्यूटन प्रति मीटर, खाद्यतेलाचा 32 च्या आसपास. नायलॉनच्या पृष्ठभागाची ऊर्जा त्याच एककात 40 च्या वर, म्हणून तेल त्यावर सहज पसरतं. फ्लोरिनच्या साखळ्या दाटीने उभ्या केल्या की ही ऊर्जा 15 च्याही खाली येते आणि तेलाचा थेंबसुद्धा गोल राहतो. मेण किंवा सिलिकोन लावलेलं कापड पाणी अडवतं, तेल मात्र पिऊन टाकतं. गिरणीत स्टेंटरमध्ये, म्हणजे कापड ताणून धरणाऱ्या भट्टीत, 150 अंशांच्या वर तापवतात ते लेप पक्का व्हावा आणि या साखळ्या नीट उभ्या राहाव्यात म्हणून. धुण्याने त्या लोळतात. म्हणून असा लेप असलेला टेबलक्लॉथ धुतल्यावर कोमट इस्त्री फिरवली की पुन्हा पाणी झटकू लागतो.

शर्मन-स्मिथ यांचं मला सगळ्यात आवडतं काम याच्या पुढचं आहे. लेप तेल अडवतो तसा धुताना पाणीही अडवतो, मग आधीच बसलेला मळ निघणार कसा? त्यांनी एकाच साखळीत फ्लोरिनचे आणि पाण्याची ओढ असलेले असे दोन्ही तुकडे गुंफले. हवेत फ्लोरिन वर येतं, पाण्यात बुडवलं की दुसरा तुकडा वर येतो आणि मळ सोडतो. असल्या साखळ्यांचं पेटंट त्यांना 1971 मध्ये मिळालं.

नातवाची काळजी रास्त आहे. जुन्या स्कॉचगार्डच्या रसायनातून पीएफओएस नावाचा पदार्थ तयार होई. तो निसर्गात मोडत नाही आणि माणसांच्या रक्तात सापडू लागला. थ्रीएमने मे 2000 मध्ये त्याचं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं, 2009 मध्ये स्टॉकहोम करारात, म्हणजे निसर्गात न मोडणाऱ्या घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय करारात, त्यावर निर्बंध आले. नंतर आखूड साखळीची फ्लोरिन रसायनं आली. तीही सहजी मोडत नाहीत, म्हणून रांगत्या मुलाच्या घरात फ्लोरिनचा लेप नसावा असं माझं स्पष्ट मत आहे. तुमच्या गालिच्याच्या दिसणार नाही अशा कोपऱ्यावर शेंगदाण्याच्या तेलाचा एक थेंब ठेवा, अर्धा मिनिट थांबा. जिरला तर वर काम करणारा फ्लोरिन लेप नाही. मोत्यासारखा तसाच राहिला, तर आहे असं समजा आणि नातू रांगतो तिथे सोलापुरी चादर अंथरा. लेपाचा फवारा विकत आणून घरी मारू नका.

डागावर गरम पाणी नको, उष्णतेने रंग आणखी आत जातो. ब्लीचही नको, क्लोरीन नायलॉनला खातं. भांडी घासायच्या पातळ साबणाचे दोन थेंब पाण्यात घालून तूप टिपून काढा, घासू नका. साबण पूर्ण निघेपर्यंत साध्या पाण्याने टिपत राहा. मग डागाची जागा तेवढी उघडी ठेवून, बाकीचा गालिचा झाकून, कडक उन्हात टाका. कर्क्युमिन उन्हात टिकत नाही.