सात नंबर कुणाच्या खिशात?

प्रश्न : मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे, मी तिथे दिवाणजी. गल्ल्याशेजारच्या कॉम्प्युटरवर सगळा हिशेब असतो, त्यालाच आम्ही सर्व्हर म्हणतो. आणखी दोन कॉम्प्युटरवरून शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्या निघतात. मध्यंतरी वादळात लाईट गेली, आली, आणि दोन्हीकडे 'सर्व्हर सापडत नाही' सुरू झालं. सर्व्हिसवाला पोरगा म्हणाला, आयपी, म्हणजे सर्व्हरचा नेटवर्कवरचा नंबर, १९२.१६८.१.७ होता, त्यातल्या शेवटच्या ७ चा १४ झालाय. त्यानं सर्व्हरमध्ये ७ पक्का टाकला आणि फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणारं अडवणारी विंडोजची भिंत, बंद केली. आता सकाळी चालतं, सौदे सुरू झाले की तुटतं, संध्याकाळी आपोआप जोडलं जातं. 'आहेस का?' एवढंच विचारणारं पिंग मात्र दिवसभर लागतं! शेतकरी पट्टीसाठी उभा आणि आम्ही हमाली-तोलाई हातानं वजा करतोय. काय करावं?
— दिवाणजी, मार्केट यार्ड, सांगली

उत्तर : दिवाणजी, 'सौदे सुरू झाले की तुटतं' या एका वाक्यात तुम्ही रोग सांगून टाकलात. सौद्याला माणसं येतात, माणसांबरोबर फोन येतात, आणि त्यातला कुठलातरी फोन तुमच्या वायफायवर १९२.१६८.१.७ हाच नंबर घेऊन बसतो. एका नंबराचे दोन धनी. पट्टीचा कॉम्प्युटर कधी सर्व्हरशी बोलतो, कधी फोनशी. पिंगला फोनही उत्तर देतो, म्हणून ते दिवसभर लागतं. फोनला हळदीचा हिशेब विचारला तर तो काय सांगणार?

हे झालं कसं, ते बघा. दुकानातले नंबर राउटर वाटतो. जो येईल त्याला एक नंबर, ठरावीक मुदतीसाठी. या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात, ती १९९३ पासूनची आहे. लाईट गेली तेव्हा सर्व्हर यूपीएसवर असणार आणि राउटर भिंतीवरच्या साध्या प्लगवर. बहुतेक दुकानांत असंच असतं. राउटर बंद पडून पुन्हा सुरू झाला आणि कुणाला काय दिलं होतं याच्या नोंदी विसरला. स्वस्त राउटर विसरतातच. मग आधी हजर झालेल्या फोनला ७ मिळाला. सर्व्हरनं नंतर आपला जुना नंबर मागितला, तेव्हा राउटरनं नाही म्हणून १४ दिला. इथवर कुणाचीच चूक नाही. पण त्या पोरानं सर्व्हरमध्ये हातानं ७ टाकला आणि राउटरला त्याचा पत्ताच नाही. राउटरच्या लेखी ७ अजून त्या फोनचाच.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, खात्री करून घ्या. कनेक्शन तुटलेलं असतानाच पट्टीच्या कॉम्प्युटरवर सीएमडीची काळी खिडकी उघडा. (आज्ञा इथे देवनागरीत छापल्यात, तुम्ही इंग्रजी अक्षरांत टाइप करा.) 'पिंग १९२.१६८.१.७' द्या. उत्तराच्या ओळीत शेवटी टीटीएल दिसेल. विंडोजचा कॉम्प्युटर सहसा १२८ सांगतो, अँड्रॉइड फोन ६४. ६४ दिसलं की समजा, पलीकडे तुमचा सर्व्हर नाही. लगेच 'एआरपी -ए' द्या. यादीत ७ नंबरासमोर दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या येतील. तो त्या क्षणी ७ वापरणाऱ्या यंत्राचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाची ओळखखूण. आता सर्व्हरवर 'आयपीकॉन्फिग /ऑल' देऊन फिजिकल ॲड्रेस, म्हणजे त्याचा मॅक, बघा. दोन्ही जुळले नाहीत तर भानगड पकडली गेली. पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल, तर तो जवळजवळ नक्की फोनच. अँड्रॉइड १० पासून फोन खरा मॅक लपवून प्रत्येक वायफायसाठी बनावट मॅक वापरतात आणि त्यात ही खूण राहते. फोन कुणाचा ते शोधत बसू नका. मालकांच्याच खिशातला निघाला तर पंचाईत.

आता उपाय. सर्व्हरमधला हातानं टाकलेला नंबर काढून 'आपोआप घ्या' करा. ब्राउझरमध्ये राउटरचं पान उघडा, बहुधा १९२.१६८.१.१ असतं, आणि कुणी बदलला नसेल तर पासवर्ड राउटरच्या पाठीवरच्या स्टिकरवर असतो. तिथे 'डीएचसीपी रिझर्वेशन', 'ॲड्रेस रिझर्वेशन' किंवा 'स्टॅटिक लीज' अशा नावाचं काहीतरी सापडेल. त्यात सर्व्हरचा मॅक टाका आणि समोर एखादा रिकामा नंबर द्या, समजा १९२.१६८.१.५०. ७ चा हट्ट सोडा, त्याची मुदत संपेपर्यंत तो फोन सोडणार नाही. मग राउटर आणि सर्व्हर, दोन्ही एकदा बंद-चालू करा. यापुढे लाईट कितीदा जाऊ दे, त्या मॅकला ५० च मिळेल.

कॉम्प्युटरमध्येच हातानं नंबर टाकणं चूक आहे असं नाही. पण मग तो राउटरच्या वाटपाच्या टापूबाहेरचा हवा, आणि ते कुणी पाहत नाही. दहा ठिकाणी दहा मुलं नंबर टाकून जातात आणि नोंद कुठेच नसते. म्हणून माझं मत रिझर्वेशनला. सगळं एका जागी, राउटरमध्ये दिसतं.

एक बारकावा. केबलचा मॅक वेगळा आणि वायफायचा वेगळा. सर्व्हर केबलनंच जोडा आणि केबलवाल्या कार्डाचाच मॅक नोंदवा. सर्व्हर वायफायवर चालवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांचा फोन पुन्हा येतोच.

दोन्ही पट्टीच्या कॉम्प्युटरवर, सॉफ्टवेअर घेत असेल तर, नंबराऐवजी सर्व्हरचं नाव टाका. पट्टीवर शेतकऱ्याच्या नावाऐवजी तो बसला त्या बाकाचा नंबर तुम्ही लिहाल का? नाव पंधरा अक्षरांच्या आत, इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता ठेवा. सॉफ्टवेअर नंबरच मागत असेल तर ५० टाका, रिझर्वेशन असल्यानं तो हलणार नाही.

आणि फायरवॉल आजच्या आज चालू करा. तुमचा बिघाड तिच्यामुळे नव्हताच, पण आता सौद्याला येणाऱ्या प्रत्येक फोनला तुमचा हिशेबाचा कॉम्प्युटर उघडा पडलाय. चालू केल्यावर कनेक्शन अडलं तर आधी विंडोजनं तुमचं नेटवर्क 'पब्लिक' धरलंय का ते बघा. राउटर बदलला की ते बरेचदा तसं होतं आणि बाहेरून येणारं सगळं अडवलं जातं. 'प्रायव्हेट' करा. तरी अडलं तर फक्त तुमच्या सॉफ्टवेअरचा पोर्ट, म्हणजे त्याचं आत यायचं नंबरी दार, मोकळा करा. हिशेब साठवणारा डेटाबेस मायएसक्यूएल असेल तर ठरलेला पोर्ट ३३०६, एसक्यूएल सर्व्हर असेल तर १४३३.

पुढे कधी अडलंच, तर एररचा संदेश नीट वाचा. 'टाइम्ड आउट' म्हणजे पलीकडून उत्तरच नाही : नंबर चुकलाय, यंत्र बंद आहे किंवा फायरवॉल गुपचूप गिळतेय. 'रिफ्यूज्ड' म्हणजे यंत्रापर्यंत पोहोचलात, पण त्या पोर्टवर ऐकणारं कुणी नाही. तेव्हा सर्व्हरवर 'नेटस्टॅट -एएन' द्या. ३३०६ च्या आधी १२७.०.०.१ दिसलं तर सॉफ्टवेअर फक्त स्वतःच्याच कॉम्प्युटरचं ऐकतंय, ०.०.०.० दिसलं तर सगळ्यांचं. काही ठिकाणी सेटिंगमध्ये जुना आयपी लिहून ठेवलेला असतो आणि आयपी बदलला की सॉफ्टवेअर सुरूच होत नाही. आणि आयपीच १६९.२५४ नं सुरू होत असेल, तर राउटरनं नंबर दिलेलाच नाही. केबल तपासा, बाकी सगळं नंतर.

राउटर बदलला की रिझर्वेशन जातं, हे लक्षात ठेवा. २०१९ च्या महापुरानंतर पेठेतल्या दुकानांत नवे राउटर बसले. जुने १९२.१६८.१ वाले, नवे १९२.१६८.० वाले, आणि हातानं टाकलेले नंबर एका रात्रीत निकामी. तेव्हा मॅक आणि नंबर रोजकीर्दीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आणि राउटरही यूपीएसवर घ्या, तो फार वीज खात नाही.

प्रश्न : कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी आमच्या खोलीवर एक लिनक्स सर्व्हर आहे. वायफाय बदलल्यावर त्याचा आयपी बदलला. आता एसएसएचनं, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवरून सर्व्हरवर काम करायच्या सोयीनं, जायला लागलं की मोठी चौकट येते, 'कुणीतरी घाणेरडं काम करत असू शकतं' अशा अर्थाची. हॅक झालंय का?
— विद्यार्थिनी, कराड

उत्तर : बहुधा नाही, पण चौकट डोळे मिटून पुसूही नका. एसएसएच पहिल्या भेटीत सर्व्हरची ओळख पटवणारी किल्ली तुमच्याकडे 'नोन होस्ट्स' नावाच्या फाइलमध्ये नोंदवतं, आयपीच्या नावावर. आज त्या आयपीवर वेगळं यंत्र आलं तर किल्ली जुळत नाही आणि ते ओरडतं. त्याचं कामच ते आहे.

सर्व्हरला स्क्रीन आणि कीबोर्ड लावून 'एसएसएच-कीजेन -एलएफ' या आज्ञेनं त्याच्या सार्वजनिक किल्लीचा ठसा (फिंगरप्रिंट) काढा. किल्ल्यांच्या फाइली 'ईटीसी' फोल्डरमधल्या 'एसएसएच' फोल्डरमध्ये असतात. हा ठसा चौकटीतल्या ठशाशी ताडून बघा. जुळला तर 'एसएसएच-कीजेन -आर' (हा आर इंग्रजी कॅपिटल) आणि पुढे तो आयपी देऊन जुनी नोंद काढा, पुढच्या वेळी विचारल्यावर 'यस' दिलं की नवी होईल. नाही जुळला तर पासवर्ड टाकू नका. तुम्ही रूममेटच्या लॅपटॉपला दार वाजवताय असंच बहुधा निघेल. पुढच्या वेळेसाठी सर्व्हरवर अवाही नावाची सेवा चालू ठेवा, म्हणजे त्याच वायफायवर नावापुढे '.लोकल' लावून त्याला गाठता येतं आणि आयपीशी तुमचा संबंध राहत नाही. उबंटूच्या डेस्कटॉपवर ती आधीपासून असते. मात्र काही हॉस्टेलांच्या वायफायवर एक यंत्र दुसऱ्याला दिसूच दिलं जात नाही. तिथे स्वतःचा छोटा राउटर लावा.

प्रश्न : बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजमधला सर्व्हर मला घरून बघायचाय. बदलत्या आयपीला कायमचं नाव देणारं डायनॅमिक डीएनएस लावलं, बाहेरून येणारी हाक राउटरनं सर्व्हरकडे धाडावी म्हणून पोर्ट फॉरवर्ड केला, तरी लागत नाही.
— व्यापारी, तासगाव

उत्तर : राउटरच्या पानावर 'वॅन आयपी', म्हणजे राउटरला इंटरनेट कंपनीनं दिलेला नंबर, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यात असेल तर इंटरनेट कंपनीनं एकच खरा आयपी अनेक गिऱ्हाइकांत वाटलाय. त्यासाठीच हा पट्टा २०१२ मध्ये राखून ठेवला गेला. बाहेरून येणारी हाक तुमच्या राउटरपर्यंत पोहोचतच नाही, मग डायनॅमिक डीएनएस कितीही चोख असो. एकतर कंपनीकडून स्टॅटिक, म्हणजे खरा आणि न बदलणारा, आयपी घ्या, त्याचे जादा पैसे पडतात. नाहीतर टेलस्केलसारखी व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून जाणारी खासगी वाट, दोन्हीकडे टाका. ती दोन्ही टोकांकडून बाहेर जोडणी करते, त्यामुळे खऱ्या आयपीची गरज पडत नाही.

आणि केलेला पोर्ट फॉरवर्ड आधी काढा. डेटाबेसचा पोर्ट थेट इंटरनेटवर उघडा ठेवला की जगभरचे आपोआप चालणारे प्रोग्रॅम तासाभरात पासवर्ड लावून बघायला लागतात.