‘कल’ म्हणजे काल की उद्या?

घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी, अशा मुलांबद्दल मागच्या वेळी लिहिलं, तेव्हापासून पत्रं येताहेत. त्यांतली पाच इथे घेतली आहेत.

प्रश्न : मी महापालिकेच्या शाळेत दुसरीला शिकवते. जूनमध्ये बिहारहून आलेला एक मुलगा वर्गात आहे. दिवाळी होऊन गेली तरी त्याच्या तोंडून शब्द नाही. काही विचारलं की मान खाली. ‘बुद्धीनं कमी असेल’ असं सहकारी म्हणतात. काय करू? – एक शिक्षिका, सातपूर

उत्तर : बाई, सहकाऱ्यांचं ते निदान तूर्त शिक्षकखोलीतच राहू द्या. परक्या भाषेत येऊन पडलेलं मूल आधी नुसतं ऐकतं. कुणी काही आठवडे, कुणी काही महिने. तो गप्प आहे, पण रिकामा बसलेला नाही. ‘वही काढा’ म्हटल्यावर शेजारच्याकडे न बघता वही काढतो का, ते बघा. काढत असेल तर मराठी आत शिरते आहे.

मग आईला विचारा. घरी आपल्या भाषेत बडबड चालू असेल तर घाई करू नका. घरीही गप्प असेल, मागून हाक मारली तर वळत नसेल, तर मात्र आधी कान तपासून घ्या. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं, त्यांच्यापुढे त्याचं नाव मुद्दाम काढा.

तोवर उत्तर तोंडी मागू नका. बोटानं दाखव, चित्र काढ, खडू आणून दे, एवढं पुरे. एकट्याला उभं करू नका. दोन्ही भाषा येणारा एखादा मुलगा शेजारी बसवा.

माझीच एक फजिती सांगते. नोकरीच्या सुरुवातीला अशाच एका नव्या मुलाला मी म्हटलं, ‘खाली बस.’ तो उठला आणि सरळ मागच्या रिकाम्या बाकावर जाऊन बसला. मला वाटलं, उर्मट आहे. हिंदीत खाली म्हणजे रिकामं, हे माझ्या डोक्यात आलं तोवर मी त्याला रागावून मोकळी झाले होते.

प्रश्न : पाचवीतला एक मुलगा उत्तर प्रदेशातला आहे. चार वर्षं इथेच शिकतोय. मराठी आपल्या पोरांसारखी बोलतो, कबड्डीत भांडतोसुद्धा मराठीत. पाढे पाठ आहेत. पण शाब्दिक उदाहरण आलं की कागद कोरा. हा आळस समजायचा का? – एक शिक्षक, पंचवटी

उत्तर : सर, सगळ्यांत जास्त मुलं इथेच सांडतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९मध्ये एक भेद मांडला. गप्पांची भाषा वेगळी आणि पुस्तकाची भाषा वेगळी. पहिली मूल साधारण दोन वर्षांत उचलतं. दुसरी मुरायला पाच ते सात वर्षं लागतात. तुमचा विद्यार्थी चौथ्या वर्षात आहे. त्याचं फर्डं बोलणं ऐकून आपण समजतो, मराठी झाली. ती अर्धीच झालेली असते.

हे उदाहरण घ्या : ‘व्यापाऱ्याकडे २४० किलो कांदा होता. त्यापैकी निम्मा विकला गेला. उरलेल्यातला १५ किलो सडला, तर शिल्लक कांदा किती?’ कबड्डीच्या मैदानात ‘त्यापैकी’ कोण म्हणतं? ‘शिल्लक’ कोण म्हणतं? ‘विकला गेला’ म्हटल्यावर कांदाच कुठेतरी निघून गेला असं वाटणारी मुलं मी पाहिली आहेत. आता हेच उदाहरण त्याला हिंदीत सांगून बघा, ‘आधा बिक गया, जो बचा उसमें से…’ असं. त्यानं पटकन १०५ सांगितलं, तर गणित येतंय, मराठी अडलीय. तरीही अडला, तर मग गणिताकडे वळा. ही चाचणी पाच मिनिटांची आहे आणि तिला फॉर्म भरावा लागत नाही.

दुसरं, घरी मोठा भाऊ अभ्यास घेत असेल तर तो ‘हासिल’ म्हणतो आणि तुम्ही ‘हातचा’. त्याचं ‘जोड़’ ती तुमची बेरीज. तो ‘भिन्न’ म्हणतो, ते तुमचे अपूर्णांक. त्याच्या भूमितीतला ‘वर्ग’ हा आपला चौरस, आणि आपला वर्ग म्हणजे जिथे तो बसलाय ती खोली. भिंतीवर दोन रकान्यांचा तक्ता लावा आणि मुलांनाच भरू द्या. मराठी मुलांनाही मजा येते. फसव्या शब्दांचा तक्ता वेगळा करा. हिंदीत ‘सही’ म्हणजे बरोबर, आपल्याकडे स्वाक्षरी. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. एखादे पालक हात जोडून ‘बच्चे को अच्छी शिक्षा दीजिए’ म्हणाले, तर छडी शोधू नका. आणि ‘कल’! हिंदीत काल आणि उद्या या दोघांना हा एकच शब्द पुरतो, अर्थ क्रियापदावरून लागतो. ‘गृहपाठ कल आणा’ असं मराठी-हिंदी मिसळून म्हटलंत, तर तो कुठल्या दिवशी आणणार?

प्रश्न : (हिंदी पत्राचा सारांश) आमची घरची भाषा भोजपुरी. शाळेतून सांगितलंय, घरी मुलाशी मराठीतच बोला. मला येते ती तुटकी. त्यामुळे हल्ली त्याच्याशी बोलणंच कमी झालंय. – एक आई, अंबड

उत्तर : ताई, सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण सल्ला चुकीचा आहे. आज संध्याकाळपासून भोजपुरी बोला. तुटक्या मराठीत तुम्ही ‘हे खा, ते आण’ यापलीकडे जाणार नाही. भोजपुरीत तुम्ही गावच्या पुराची गोष्ट सांगाल, मामा का रुसला ते सांगाल. कारण, जर-तर, आधी-नंतर हे त्याला आईच्या भाषेत एकदा उमगलं की मराठीत त्याला फक्त नवे शब्द शिकायचे उरतात. मराठी त्याला शाळेत आणि गल्लीत मिळतेच आहे.

शाळेनं आग्रह धरला तर सांगा : राज्यघटनेच्या ३५०-क कलमात भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याच्या सोयी देण्याची अपेक्षा आहे. घरी काय बोलावं याची सक्ती कोणत्याच कायद्यात नाही. मराठी विषय मात्र २०२०च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांना बंधनकारक आहे आणि ते योग्यच आहे. २०२५मध्ये पहिलीपासून हिंदीवरून जो गदारोळ झाला, तो शाळेतल्या तिसऱ्या भाषेचा होता. तुमच्या चुलीपाशी त्याचं काही काम नाही.

प्रश्न : नातू कॅलिफोर्नियात सरकारी शाळेत पहिलीला गेला. सुनेनं फॉर्मवर ‘घरची भाषा मराठी’ लिहिलं, तर त्याची इंग्रजीची परीक्षा घेतली आणि ‘इंग्रजी शिकणारा’ असा शिक्का मारला. आता घरी इंग्रजीच बोलायला सांगू का? – एक आजी, गंगापूर रोड

उत्तर : आजी, सुनेनं खरं लिहिलं, तेच बरोबर. तिथे प्रवेशाच्या वेळी घरची भाषा विचारतात आणि इंग्रजीखेरीज दुसरी असेल तर ‘एल्पॅक’ नावाची चाचणी घेतात. ही शिक्षा नव्हे (मराठी अर्थानं). सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांना न कळणाऱ्या भाषेत नुसतं बसवून ठेवलं होतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७४मध्ये सांगितलं, तेच वर्ग नि तीच पुस्तकं दिली म्हणजे समान वागणूक झाली असं नाही. तेव्हापासून जादा मदत देणं शाळांवर आलं. इंग्रजी पुरेशी झाली की शिक्का निघतो. अंबडच्या ताईंना सांगितलं तेच सुनेला सांगा. फोनवर तुम्हीही ‘हाऊ आर यू बाळा’ थांबवा.

प्रश्न : आमच्या द्राक्षबागेत सुरगाण्याहून मजूर कुटुंबं येतात. एक आठ वर्षांची मुलगी दिवसभर बांधावर असते. शाळा म्हणते, दाखला आणा, नाहीतर जूनमध्ये या. – एक शेतकरी, दिंडोरी

उत्तर : भाऊ, शाळा चुकते आहे. शिक्षण हक्क कायदा २००९चा. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, वर्षाच्या मध्ये आली म्हणूनही नाही, आणि जन्माचा पुरावा नाही म्हणून तर नाहीच. वयाला शोभेल त्या वर्गात घ्यायचं, मागे असेल तर विशेष प्रशिक्षण द्यायचं. मुख्याध्यापकांना दोन ओळींचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच मागितली की बरेचदा प्रवेश होतो. तरी अडवलं तर गटशिक्षणाधिकारी. मुलगी गावच्या शाळेच्या पटावर असेल तर तिकडून शिक्षण हमी कार्ड मागवा.

आणि गुरुजींना एक सांगा. ती घरी कोकणा किंवा तसलीच बोली बोलत असेल. ‘मराठीच तर आहे’ म्हणून तिला थेट पुस्तकाला जुंपू नका, पहिले दोन आठवडे तिच्याकडूनच झाडापानांची नावं घ्या. छाटणी संपून परत जाईल तेव्हा कुठवर शिकली ते कार्डावर लिहून द्या, नाहीतर तिकडचे गुरुजी पुन्हा ‘अ अननसाचा’पासून सुरू करतील.