उन्हाळ्यात सह्याद्रीत रानफुलं दिसतात का? आणि ओळखायला कुठलं अ‍ॅप चांगलं?

दिसतात का म्हणजे काय! सगळे सप्टेंबरात कासला गर्दी करतात आणि मे महिना आला की डोंगर करपलाय म्हणून घरात बसतात. अहो मार्चपासून मेपर्यंत अंजनीची जांभळी-निळी फुलं, कुसर, कुंभा, बहावा, आणि माझा लाडका कुडा.

कुड्यावरूनच सांगते. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही घरचे सगळे ताम्हिणीला गेलेलो, वाटेत पांढऱ्या फुलांचं एक झाड दिसलं, थोरल्या दिरांनी मोबाइल धरला, अ‍ॅपने नाव दिलं आणि ते म्हणाले हा पांढरा कुडा, कोकणात ह्याच्या फुलांची भाजी करतात, चला तोडा. मी म्हटलं भाऊजी थांबा, हा काळा कुडा आहे, माझ्या आजीने दाखवलाय मला. फुलाच्या मधोमध झालरीसारखे बारीक पांढरे तंतू होते, पांढऱ्या कुड्याच्या फुलात ती झालर नसतेच. पलीकडच्या फांदीला कोवळ्या शेंगा होत्या, दोन-दोनच्या जोडीत आणि खाली टोकाला एकमेकींना चिकटलेल्या. पांढऱ्या कुड्यालाही शेंगा जोडीनेच येतात पण त्यांची टोकं सुटी लोंबतात. बाकी पानं दोन्हीकडे समोरासमोर, चीक दोघांनाही, म्हणून तर गोंधळ होतो. तर भाऊजी सगळ्यांसमोर म्हणाले, तुझी आजी काय बॉटनी शिकलेली का?

नाही शिकलेली. मुळशीतली आजी माझी, शाळेचं तोंड बघितलं नाही, पण पोट बिघडलं की पांढऱ्या कुड्याचीच साल हवी म्हणून मला चार-चार झाडं दाखवायची आणि म्हणायची, फूल नको बघू, आधी शेंग बघ. मला ओळखता येतं ते तिच्यामुळे.

अ‍ॅपचं विचारलंत तर आयनॅचरलिस्ट टाका, तिथे जाणकार माणसं तुमचा फोटो बघून चूक असेल तर दुरुस्त करतात. पण नुसता फुलाचा क्लोजअप टाकून काही होत नाही. फूल समोरून आणि मागून, पानं फांदीवर कशी लागलीत ते, खोडाची साल, शेंग किंवा फळ, एवढे फोटो काढाच. आणि गावातल्या म्हाताऱ्या बाईला विचारायला लाजू नका, मोबाइलवाल्याच्या आधी तिला विचारा.

हां, एक राहिलं, काळ्या कुड्याच्या शेंगा पिकून उकलल्या की टोकं सुटी होतात, म्हणजे शेंगेची खूण हिरवी असतानाच धरायची, वाळलेल्यावर फुलाची झालर बघायची. आणि खायचं-प्यायचं असेल तर अ‍ॅपच्याच काय, माझ्या उत्तराच्या भरवशावरही काही तोंडात घालू नका.

त्या दिवशीचा शेंगांचा फोटो अजून माझ्याकडे आहे, टोकं जुळलेली स्पष्ट दिसतात. भाऊजींनी तो आजपर्यंत बघितलेला नाही.