इसवी सनाच्या तारखेची ‘स्टार ट्रेक’मधील स्टारडेट कशी काढावी?

आपण विचारले आहे की, जन्मतारखेची स्टारडेट, म्हणजे ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी अंतराळकथा-मालिकांत वापरली जाणारी काल्पनिक तारीख, काढताना एका संकेतस्थळाने उणे तीन लाखांच्या घरातली संख्या दिली, तर दुसऱ्याने जन्मवर्षापुढे टिंब देऊन तीन आकडे लिहिले; मग यांतले खरे उत्तर कोणते? दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर असू शकतात. ‘स्टार ट्रेक’मध्ये स्टारडेटच्या निदान तीन पद्धती आहेत, आणि त्यांतली पहिली तर आपल्या तारखांशी मेळ घालता येऊ नये अशाच बेताने रचलेली होती.

मूळ मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर सुरू झाली. कथा कोणत्या शतकात घडते हे वारंवार सांगावे लागू नये, आणि अमुक शोध तोवर लागलेला असेल का यावर वाद होऊ नयेत, म्हणून स्टारडेट योजली गेली. मालिकेच्या लेखकांना दिलेल्या मार्गदर्शिकेत कोणतीही चार आकडी संख्या घेण्याची मुभा होती, १३१३.५ म्हणजे एका दिवशीचे दुपारचे बारा आणि १३१४.५ म्हणजे दुसऱ्या दिवशीचे बारा, एवढेच पथ्य होते. पंचांगगणितातला अहर्गण, म्हणजे उलटलेल्या दिवसांची सलग मोजणी, ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही कल्पना ओळखीची वाटेल. मात्र अहर्गण एका ठरलेल्या आरंभदिनापासून मोजतात, आणि या स्टारडेटला आरंभदिनच नाही. दोन भागांतल्या संख्यांचा क्रम जुळला नाही, तरी आकाशगंगेतील स्थान आणि यानाचा वेग यांवर स्टारडेट अवलंबून असते, असे स्पष्टीकरण तयार होते. त्यामुळे या पद्धतीत रूपांतर करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

आपल्याला मिळालेली उणे संख्या १९८७ साली सुरू झालेल्या ‘द नेक्स्ट जनरेशन’ या पुढच्या मालिकेच्या पद्धतीची आहे. येथे संख्या पाच आकडी झाली: पहिला ४ हा चोविसाव्या शतकाची खूण, दुसरा आकडा मालिकेच्या पर्वाचा, आणि उरलेले तीन पर्वाबरोबर वाढत जाणारे. एक पर्व म्हणजे एक वर्ष असे धरले की वर्षाला हजार एकके येतात. पहिल्या पर्वातील ‘द न्यूट्रल झोन’ या शेवटच्या भागाची स्टारडेट ४१९८६.० आहे आणि त्यात डेटा हे पात्र वर्ष २३६४ असल्याचे सांगते. या एका वाक्याच्या आधारावर प्रचलित सूत्र उभे आहे: इसवी सनातून २३२३ वजा करा, हजाराने गुणा, आणि वर्षाचा जेवढा भाग उलटला असेल तो हजाराने गुणून त्यात मिळवा.

उदाहरणादाखल मूळ मालिकेच्या प्रारंभाचीच तारीख घेऊ. १९६६ वजा २३२३ म्हणजे उणे ३५७, म्हणून उणे ३,५७,०००. आठ सप्टेंबर उजाडेपर्यंत ३६५ पैकी २५० दिवस उलटलेले असतात, त्यांचे ६८४.९ होतात, आणि उत्तर येते −३५६३१५.१. अनेकांची चूक येथे होते: संख्या उणे असली तरी काळ पुढेच जातो, म्हणून ६८४.९ मिळवायचे असतात. ते वजा केले तर −३५७६८४.९ येते आणि आपण एप्रिल १९६५ मध्ये जाऊन पोहोचतो. लीप वर्षी ३६६ ने भागावे. एक एकक सुमारे पावणेनऊ तासांचे असल्यामुळे जन्मवेळ ठाऊक नसेल तर टिंबापुढचा आकडा लिहू नये. भारतीय वेळ आणि ग्रिनिचची वेळ यांतल्या साडेपाच तासांनीच त्यात सुमारे ०.६ चा फरक पडतो.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा पुढचा आहे. या सूत्रात स्टारडेटचे वर्ष १ जानेवारीला सुरू होते असे गृहीत धरलेले आहे, पण पडद्यावर तसे कोठेही ठरवून दिलेले नाही. शालिवाहन शकावरून इसवी सन काढताना ७८ मिळवावेत की ७९, हे शकवर्ष गुढीपाडव्याला बदलते हे ठाऊक असल्यावरच ठरते. येथे तो पाडवाच सापडत नाही. ‘व्हॉयेजर’ या नंतरच्या मालिकेच्या ‘होमस्टेड’ या भागात स्टारडेट ५४८६८.६ च्या सुमारास व्हल्कन या परग्रहवासीयांशी मानवाच्या झालेल्या पहिल्या भेटीचा ३१५ वा वर्धापनदिन साजरा होतो. ती भेट ५ एप्रिल २०६३ची, म्हणजे हा दिवस ५ एप्रिल २३७८ असायला हवा. सूत्र मात्र नोव्हेंबर २३७७ सांगते. वर्षारंभ मेच्या अखेरीकडे सरकवला तर हा भाग जुळतो, पण मग ४१९८६.० हे २३६५ मध्ये जाते आणि डेटाचे वाक्य खोटे ठरते.

आपल्याला विशेष जिव्हाळ्याचा वाटेल असा आणखी एक पुरावा आहे. ‘द नेक्स्ट जनरेशन’च्या ‘डेटाज डे’ या भागात, ४४३९०.१ या स्टारडेटला, यानावरच्या त्या दिवसाच्या घडामोडींत हिंदूंच्या दिव्यांच्या सणाचा उल्लेख येतो. प्रचलित सूत्राने हा दिवस २३ मे २३६७ ठरतो, आणि मे महिन्यात दिवाळी येऊ शकत नाही. ‘होमस्टेड’प्रमाणे वर्षारंभ सरकवला तर तोच दिवस १२ ऑक्टोबरच्या आसपास येतो; तारीख दिवाळीच्या थोडी आधीची असली, तरी ऋतू जुळतो. एकाच सूत्रात हे तिन्ही उल्लेख बसवता येत नाहीत, हे मी बराच वेळ आकडेमोड करून पाहिले आहे.

दुसऱ्या संकेतस्थळाची पद्धत २००९च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटाची आहे आणि ती सोपी आहे. सहलेखक रॉबर्टो ऑर्सी यांनी स्पष्ट केल्याप्रमाणे त्यात टिंबाच्या आधी इसवी सन आणि नंतर वर्षातला कितवा दिवस तो आकडा असतो, त्यामुळे २२५८.४२ म्हणजे ११ फेब्रुवारी २२५८. हे टिंब दशांश चिन्ह नसल्यामुळे .५ आणि .५० हे वेगळे दिवस आहेत, म्हणून मी नेहमी तीन आकडे लिहितो: ८ सप्टेंबर १९६६ म्हणजे १९६६.२५१.

जन्मतारखेसाठी मी हीच पद्धत वापरावी असे सुचवेन, कारण तिच्यात गृहीतक काहीच नाही. चोविसाव्या शतकातली कथा लिहीत असाल तर मात्र २३२३चे सूत्र घ्या, आणि आपण वर्षारंभ कोणता धरला आहे हे कथेच्या टिपणात पहिल्याच ओळीत नोंदवून ठेवा.