आरोग्य-प्रश्नोत्तरे : नागीण आणि पहिले तीन दिवस

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे असून त्यांना मधुमेह आहे. चार दिवसांपूर्वी छातीत डाव्या बाजूला आग होऊ लागली म्हणून घाबरून आम्ही त्यांना बेळगावला नेले. ईसीजी व्यवस्थित निघाला. काल पाठीपासून छातीपर्यंत पाण्याच्या फोडांचा पट्टा उठला. गावातील जाणती माणसे म्हणतात की ही नागीण आहे, तिचे तोंड आणि शेपूट एकमेकांना मिळाले तर माणूस दगावतो, तेव्हा आधी मंतरून गेरू लावून घ्या, डॉक्टरांचे पुढे बघू. माझी पत्नी गरोदर आहे. काय करावे?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : आपला ई-मेल मिळाला त्याच दिवशी आपल्याला फोनवरून उपचार सुरू करण्यास सांगितले होते, कारण या आजारात अंक छापून येईपर्यंत थांबणे परवडत नाही. इतर वाचकांसाठी मात्र सविस्तर लिहितो.

लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या तरी त्यांचा विषाणू शरीरातून पूर्णपणे जात नाही. तो पाठीच्या कण्यालगतच्या मज्जापेशींच्या गाठींमध्ये वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो आणि वय, मधुमेह, कर्करोगावरील उपचार किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या यांमुळे प्रतिकारशक्ती उणावली की त्यांतील एखाद्या नसेच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो. इंग्लंडमधील होप-सिम्पसन या जनरल प्रॅक्टिशनरने आपल्याच भागातील रुग्णांच्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून १९६५ साली हा विचार मांडला आणि पुढील संशोधनाने तो खरा ठरवला. नस आधी सुजते आणि फोड नंतर येतात, म्हणून सुरुवातीचे काही दिवस नुसतीच आग किंवा ठणका असतो. अशा वेळी आपण हृदयाची तपासणी करून घेतलीत हे योग्यच केलेत.

विळख्याची भीती आपल्या सीमाभागात मराठी आणि कन्नड दोन्ही घरांत सारखीच खोल आहे, तरीही ती निराधार आहे. बरगड्यांमधून जाणारी प्रत्येक नस कण्यापासून निघून छातीच्या मध्यरेषेपाशी संपते. उजवीकडची नस वेगळी, डावीकडची वेगळी; त्यामुळे पट्टा बहुधा एकाच बाजूला राहतो. फोड दोन्ही बाजूंना किंवा अंगभर पसरले, तर ते प्रतिकारशक्ती फार खालावल्याचे लक्षण असू शकते. अशा रुग्णाला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे.

मंतरून गुण आला असे सांगणारे लोक खोटे बोलत नाहीत. फोड सात ते दहा दिवसांत खपली धरतात आणि दोन ते चार आठवड्यांत त्वचा आपोआप भरून येते, मग श्रेय शेवटी जो उपाय केला त्याला मिळते. परंतु त्या आठवड्यात नसेची जी हानी होते, ती गेरूने थांबत नाही. विषाणूची वाढ रोखणारी औषधे फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाली, तर आजाराचा जोर आणि कालावधी निश्चित कमी होतो. मला सर्वात कळकळीने सांगायचे आहे ते हेच, कारण आमच्याकडे येणारे कितीतरी रुग्ण हे तीन दिवस मंतरण्यात घालवून आलेले असतात. मोठ्या माणसांसाठी असायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा, किंवा व्हॅलासायक्लोव्हिर १ ग्रॅम दिवसातून तीन वेळा, सात दिवस देतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्रा कमी करावी लागते, म्हणून गोळ्या स्वतःच्या मनाने आणू नयेत. तीन दिवस उलटून गेले असले, तरी नवे फोड येत असतील तर औषध द्यावेच.

फोड फोडू नयेत. स्वच्छ धुऊन, कोरडे करून, सैल सुती कापडाने झाकावेत. मीठ-तिखट बंद करण्याची गरज नाही, आणि मधुमेही माणसाला उपाशी ठेवणे तर धोक्याचे आहे. आपल्या पत्नीला पूर्वी कांजिण्या येऊन गेल्या असतील तर काळजी नसावी. नसतील किंवा आठवत नसेल, तर फोडांतील पाण्याच्या संपर्काने त्यांना कांजिण्या होऊ शकतात. सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत त्यांनी वडिलांची शुश्रूषा करू नये, आणि संपर्क आधीच झाला असल्यास प्रसूतितज्ज्ञांना विनाविलंब सांगावे.

प्रश्न : आईची नागीण बरी होऊन चार महिने झाले, पण त्या जागी अजून आग होते. पदराचा स्पर्शही तिला सहन होत नाही. घरातले म्हणतात, फोड गेले तर दुखेल कशाला?
– एक वाचक भगिनी, निपाणी

उत्तर : आपल्या आईंचे दुखणे पूर्णपणे खरे आहे. फोड बरे होऊन तीन महिने लोटले तरी राहणारी ही वेदना इजा झालेल्या नसेची असते आणि साठीनंतर ती अधिक आढळते. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या येथे फारशा उपयोगी पडत नाहीत. गॅबापेंटिन, प्रीगाबालिन किंवा अमिट्रिप्टिलिन यांपैकी एखादे औषध अल्प मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवतात, आणि त्याचा परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे द्यावे लागतात. सुरुवातीला गुंगी येते. रात्री उठताना आधार द्यावा, कारण या वयात पडणे महागात पडते. लिडोकेनचा पॅचही काहींना मानवतो. घरच्यांना हे उत्तर अवश्य वाचून दाखवावे.

प्रश्न : माझ्या पतींच्या कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर नागीण उठली होती. डोळा थोडक्यात वाचला. मी ५५ वर्षांची आहे, मला लस घेता येईल का?
– एक वाचक भगिनी, शहापूर, बेळगाव

उत्तर : नाकाच्या शेंड्यावर फोड दिसले की डोळ्याला धोका संभवतो, आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे लागते, आपण गेलात हे फार चांगले केलेत. लस आपल्याला घेता येईल. पन्नाशीनंतरच्यांसाठी ही लस भारतात २०२३ पासून उपलब्ध आहे. दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने तिचे दोन डोस दंडात देतात आणि मोठ्या चाचण्यांमध्ये तिने ९० टक्क्यांहून अधिक संरक्षण दिले आहे. दंड दुखणे किंवा एक-दोन दिवस कणकण येणे स्वाभाविक आहे. ती सरकारी मोफत लसीकरणात नाही आणि महाग आहे. दोघांसाठी एकदम खर्च झेपत नसल्यास ज्याला मधुमेहासारखा विकार आहे त्याने आधी घ्यावी. आपल्या पतींनाही आजार पूर्ण बरा झाल्यावर ती घेता येते, कारण नागीण पुन्हा होऊ शकते.