‘हवामानबदल’ मधल्या ‘बदल’चं काय करायचं?

प्रश्न असा आहे: ‘हवामान बदल’, ‘वातावरण बदल’ आणि ‘जलवायू परिवर्तन’ यांपैकी बरोबर कोणता, जोडून लिहायचा की तोडून, आणि इतकी वर्षं कानावर पडूनही लोकांना त्याचं काही का वाटत नाही?

जोडून लिहा, सामासिक शब्द आहे. ‘जलवायू’ हिंदीला लखलाभ. आपल्याकडे ‘हवापाणी’ आहे, आणि ‘त्याला कोकणचं हवापाणी मानवलं’ हे वाक्य कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ‘वातावरण’ म्हणजे पृथ्वीभोवतीचं हवेचं आवरण, बस्स. समुद्र, बर्फ, जमीन, जंगल हे सगळं जिच्यात येतं त्या व्यवस्थेला तो शब्द तोकडा आहे. तरीही राज्य शासनाने खात्याचं नाव ‘पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग’ असं ठेवलं. ‘वातावरणीय’ हे विशेषण एकाही मराठी माणसाच्या तोंडी नाही. मराठीत वातावरण लग्नघरात असतं आणि निवडणुकीत तापतं. खात्याने हे नाव सोडून द्यावं.

खरी चीड येते ती ‘आज काय मस्त क्लायमेट झालंय!’ या वाक्याची. ढग आले, गार वारा सुटला की हे ऐकू आलंच. क्लायमेट एका दुपारीत मस्त होत नाही. जागतिक हवामान संघटना त्यासाठी तीस वर्षांची सरासरी धरते, सध्या १९९१ ते २०२० ची. दुपारी मस्त होते ती हवा. हा भेद दाखवायची सोय मराठीत होती. ‘हवा’ अरबी, ‘मान’ संस्कृत. आयुर्मान, पर्जन्यमान, राहणीमान यांतलं ‘मान’ एका दिवसाचं माप सांगत नाही, सर्वसाधारण पातळी सांगतं. पण ‘हवामानाचा अंदाज’ रूढ झाला आणि उद्याची सर व तीस वर्षांचा पाऊस एकाच शब्दात कोंबले गेले. कसोटी सोपी आहे. शब्दाआधी ‘तीस वर्षांचं’ लावा. वाक्य टिकलं तर हवामान म्हणा, नाही टिकलं तर हवा म्हणा.

आता ‘बदल’. सगळी गोम इथे आहे.

हा अरबी शब्द. मूळ अर्थ एकाच्या जागी दुसरं, मोबदल्यात दिलेलं. अदलाबदल, बदली, मोबदला ही सगळी त्याचीच भावंडं. ‘बद्दल’ हे आपलं रोजचं शब्दयोगी अव्ययही त्याच घरातलं. ‘मदतीबद्दल आभार’ म्हणजे मदतीच्या बदल्यात आभार. ‘विषयी’ हा अर्थ त्याला नंतर चिकटला. मुंबईच्या गिरण्यांत कायम कामगार गैरहजर असला की ‘बदली’ उभा राहायचा आणि कायमवाला परतला की तो बाजूला व्हायचा. बदलापुराचं नावही तिथे घोडे बदलत त्यावरून पडलं, असं सांगतात. या सगळ्या वापरांत एक गृहीत पक्कं आहे: एक गेलं, त्या तोलाचं दुसरं आलं, आणि गरज पडली तर पहिलं परत आणता येतं. त्यात आपला ‘हवापालट’. आजारी माणसाला पाचगणीला नेतात तो. ‘हवामानबदल’ ऐकताना मराठी कानात हे सगळं नकळत वाजतं, म्हणून भीती वाटत नाही, हे माझं ठाम मत आहे. कोशकारांना ही व्युत्पत्ती माहीत आहे, पण शब्दाचा जुना संसार आजच्या कानावर परिणाम करतो हे त्यांतले बरेच जण मानत नाहीत. त्यांनी ‘बदलीचा ड्रायव्हर’ आणि ‘नवा ड्रायव्हर’ हे दोन शब्दप्रयोग शेजारी ठेवून ऐकावेत.

प्रत्यक्षात इथे काहीही ‘बदली’ आलेलं नाही, नुसता साठा होतो आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड औद्योगिक युगाआधी दशलक्ष भागांत सुमारे २८० होता. हवाईतल्या मौना लोआवर १९५८ मध्ये मोजणी सुरू झाली तेव्हा ३१५ च्या आसपास होता, आता ४२० च्या वर आहे. सोडलेल्या वायूपैकी साधारण निम्मा समुद्र आणि झाडं-माती शोषून घेतात, उरलेल्यातला काही हिस्सा हजारो वर्षं हवेत राहतो. उद्या धूर थांबवला तरी जुनं मान परत येऊन कामावर रुजू होणार नाही.

इंग्रजीतही हा वाद झालाच. अमेरिकेतले प्रचारतज्ज्ञ फ्रँक लुंट्झ यांनी २००२ च्या सुमारास रिपब्लिकन नेत्यांना सल्ला दिला होता की ‘ग्लोबल वॉर्मिंग’ टाळा, ‘क्लायमेट चेंज’ म्हणा, ते कमी भीतिदायक वाटतं. यावरून ‘क्लायमेट चेंज’ हा शब्दच त्यांनी घडवला असं बिनदिक्कत लिहिलं जातं, ते चूक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसीसीच्या (‘इंटरगव्हर्नमेंटल पॅनेल ऑन क्लायमेट चेंज’) नावात तो १९८८ पासून आहे. दुसऱ्या टोकाला २०१९ पासून ‘आणीबाणी’ म्हणा असा आग्रह सुरू झाला. मराठीत ‘आणीबाणी’ म्हटलं की १९७५ आठवतं, म्हणजे सरकारने लोकांच्या नाड्या आवळलेल्या. शिवाय सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ‘आणीबाणी’ने लोकांची काळजी वाढल्याचं दिसलं नाही. मोठ्या आवाजाचा शब्द शोधणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

माझी शिफारस: कारण सांगताना ‘तापमानवाढ’ म्हणा. ‘वाढ’ला दिशा आहे, ‘बदल’ला नाही. परिणाम सांगताना सरळ वस्तूचं नाव घ्या. रत्नागिरीच्या बागायतदाराशी बोलायचं तर ‘साका’ म्हणा. हापूस वरून देखणा, आत कोयीजवळचा गर पांढरा, भुसभुशीत, आंबट. तापलेल्या जमिनीची धग हे त्याचं एक कारण मानलं जातं. म्हणून झाडाखाली वाळलेल्या गवताचं आच्छादन करतात, आणि फळ पूर्ण पिकू न देता चौदा आणे तयार झालं की, सकाळी किंवा उतरत्या उन्हात काढतात. ‘उन्हाळा वाढला, साका वाढेल’ हे वाक्य तो शेवटपर्यंत ऐकेल. मुंबईकराला तारीख सांगा. मोसमी पाऊस मुंबईतून परतण्याची सर्वसाधारण तारीख २९ सप्टेंबर होती, हवामान खात्याने २०२० मध्ये ती ८ ऑक्टोबर केली. जुनी तारीख १९०१ ते १९४० च्या नोंदींवरची, नवी १९७१ ते २०१९ च्या. नोंदी वाढल्या, पद्धत सुधारली, त्यामुळे सगळा फरक तापमानवाढीच्या खात्यावर टाकू नका. पण ‘मान’ म्हणजे काय आणि ते सरकतं म्हणजे काय, हे एवढ्या एका तारखेत कळतं.

आणि बातम्यांत मे महिन्यातल्या वळवाला ‘अवकाळी’ म्हणणं बंद करा. वळीव त्याच्या काळातच येतो. अवकाळी म्हणजे ऐन कापणीला आलेल्या गव्हावर किंवा घडांनी भरलेल्या द्राक्षबागेवर पडणारा पाऊस. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट अवकाळी होती. दर सरीला हाच शब्द लावला तर तशा गारपिटीसाठी वेगळा शब्दच हाती उरत नाही.