गोणी वाहणाऱ्या पोरास

चि. पोरास आशीर्वाद.

हमालांच्या टोळीत लागून तीन महिने झाले आणि आता रोज व्यायामशाळेत यायचं म्हणतोस. रोज येऊ नकोस. बुधवारी अर्धा तास आणि शनिवारी संध्याकाळी पाऊण तास, एवढंच. नव्या व्यायामाने अंग लगेच नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त धरतं. शनिवारचा भारी व्यायाम रविवारच्या सुट्टीत जिरतो. रोज आलास, मंगळवारी रात्री पाय भरून आले आणि बुधवारी पहाटे ट्रक लागला, तर मशीद बंदरच्या त्या अरुंद लाकडी जिन्यावर तू गोणीसकट घसरशील.

दिवसभर ओझं वाहणाऱ्याला वेगळा व्यायाम कशाला, असं टोळीतले म्हणतील. त्यांचं अर्धं बरोबर आहे. वाहून वाहून दम येतो, मांड्या तग धरतात. पण ताकद वाढायची तर वजन थोडंथोडं वाढत जावं लागतं आणि मध्ये विश्रांती मिळावी लागते. गोणी पहिल्या दिवशी 50 किलोची होती, वर्षभराने पण 50 किलोचीच असणार. शिवाय ती रोज त्याच खांद्यावर, त्याच बाजूला वळून. तेव्हा काम जे देत नाही तेवढंच इथे घ्यायचं: कुल्ल्यातून वाकून नीट उचलणं, मागे ओढणं, एका पायाचं बळ, आणि रिकामी राहिलेली दुसरी बाजू. पाचशे बैठका नकोत. जुनी मंडळी नाक मुरडतील, मुरडू दे. तू जिने चढून तेवढ्या कधीच मारल्यास.

शनिवारची सुरुवात डेडलिफ्टने कर, म्हणजे वजनाची दांडी खालून उचलून ताठ उभं राहायचं. आधी दांडीचं वजन माहीत करून घे. ती 20 किलोची असेलच असं नाही, आपल्याकडच्या जुन्या दांड्या 8-10 किलोच्याही निघतात. तुमच्या गोदामात तोलाईचा काटा आहेच, एकदा टाकून बघ. दुसरी गोष्ट उंचीची. स्पर्धेतली मोठी चकती 45 सेंटिमीटर व्यासाची असते, त्यामुळे दांडी जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर राहते. आपल्या लोखंडी चकत्या लहान, दांडी पार घोट्याजवळ येते, आणि तिथून उचलायला गेलं की कंबर वाकणारच. दोन्हीकडच्या चकत्यांखाली लाकडी ठोकळे घाल, दांडी नडगीच्या मध्यावर आली पाहिजे.

दोन पायांत कमरेइतकं अंतर. दांडी बुटाच्या नाडीच्या गाठीवर. गुडघे न हलवता वाकून दांडी धर, मग गुडघे पुढे आण, नडगी दांडीला टेकेपर्यंतच. आता छाती वर काढ आणि काखेत घडी केलेलं वर्तमानपत्र दाबून धरल्यासारखे दंड आवळ. श्वास छातीत नको, पोटात भर, इतका की लंगोटाची गाठ चारी बाजूंनी ताणली जावी. तो धरून ठेव आणि उठ. वर पोचल्यावर मागे झुकू नको, नुसता ताठ उभा राहा. खाली ठेवून पुन्हा श्वास घे. पाच वेळा उचलणं, असे तीन डाव, मध्ये तीन मिनिटं विश्रांती. सुरुवात 40 किलोने. पोराटोरांचं वजन वाटेल, पण दर आठवड्याला अडीच किलो चढवत गेलास तर चार महिन्यांत 80 होतात.

चूक कुठे होते ते बघ. बूड आधी वर उडालं आणि दांडी मागे राहिली, म्हणजे एकतर तू फार खाली बसून सुरुवात केलीस, नाहीतर वजन झेपत नाही. दांडी नडगीपासून चार बोटं पुढे गेली तर तेच वजन कमरेला कितीतरी जड लागतं. छातीपासून लांब धरलेली गोणी जड लागते, त्याचं कारणही हेच. आणि प्रत्येक डावात अजून दोन निघाले असते असं वाटत असतानाच थांब. जीव तोडून काढायचा शेवटचा डाव स्पर्धेवाल्यांसाठी. तुला सोमवारी कामावर जायचंय.

त्यानंतर डंबेलने एकहाती ओढणं, दर हाताला दहा, तीन डाव. जोर दोन डाव, बारा-बाराचे. गुडघ्याएवढ्या ठोकळ्यावर एका पायाने चढउतार, आठ-आठ. उतरताना धपकन पडायचं नाही, तीन मोजत उतरायचं, कारण गुडघा जिना उतरतानाच दुखतो. शेवटी 20 लिटरचा पाण्याचा जार एका हातात घेऊन चाळीस पावलं, अंग कलू न देता. ज्या खांद्यावर गोणी घेतोस त्याच्या उलट हाताने दोन फेऱ्या, नेहमीच्या हाताने एक. मग बारला नुसतं अर्धा मिनिट लोंबकळ. बुधवारी हेच सगळं, डेडलिफ्ट वगळून, एकेक डाव कमी.

मानेला वजन लावू नकोस. तळहात कपाळाला लावून डोकं पुढे दाब, हात मागे रेट, डोकं हलू न देता दहा सेकंद. तसंच मागे आणि दोन्ही बाजूंना.

कामावरचं थोडं. झोपेत मणक्यातल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. माणूस सकाळी दीडेक सेंटिमीटर उंच असतो तो त्यामुळेच, आणि उठल्यानंतरचा पहिला तास वाकून उचलायला सगळ्यात वाईट. पहाटे चारला गाळ्यावरून उठून साडेचारला ट्रकखाली उभा राहत असशील, तर अर्धा तास आधी उठ, चाल, चहा पी. पहिल्या वीस-पंचवीस गोण्या फळक्यावरून घे, जमिनीवरून नको. थप्पी लावताना कंबर पिळून गोणी फेकायची सवय सगळ्यांना असते; पाऊल फिरव, मग फेक. गोणीचे दोन्ही कान धर, एकच कान ओढलास की खांदा जातो. आणि दर तासाला खांदा बदल, सुरुवातीचे पंधरा दिवस अडखळशील. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1967 मध्ये प्रौढ पुरुषासाठी 55 किलोची मर्यादा सुचवली होती. 70 किलोचं पोतं आलं तर दोघांनी धरा आणि मुकादमाच्या कानावर घाला. 1969 च्या माथाडी कायद्याखाली मंडळात तुझी नोंद झाली का, तेही त्यालाच विचार.

खाणं. तुझं वजन 60 किलो, तर दिवसाला 95 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवीत. खानावळीच्या आठ पोळ्या, भात आणि दोन वाट्या आमटीतून पन्नासेक मिळतात. वर चार अंडी म्हणजे 24, आणि 50 ग्रॅम सोयाबीनच्या वड्या म्हणजे 26. झाला हिशेब. पावडरचा डबा नको. ताकदीची सुई कोणी देऊ केली तर व्यायामशाळाच बदल. मे आणि ऑक्टोबरात नुसतं पाणी पुरत नाही. एक लिटरमध्ये चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि तोच अर्धा चमचा मीठ, बाटली थप्पीजवळ ठेव.

स्नायू दुखला तर काम चालू शकतं. पण दुखणं कुल्ल्यातून पोटरीखाली उतरलं, पायाला मुंग्या आल्या, किंवा खोकताना जांघेत गाठ फुगली, तर त्या आठवड्यात वजन बंद आणि डॉक्टर. पाऊल ओढत पडायला लागलं, लघवीवरचा ताबा गेला किंवा बसायची जागा बधिर झाली, तर वाट बघायची नाही, त्याच रात्री जे. जे. किंवा केईएम रुग्णालय गाठ.

येताना सपाट तळाचे कॅनव्हासचे बूट आण, धावायचे मऊ बूट नकोत. त्यांची टाच दबते आणि तोल डळमळतो. उचललेलं वजन गाळ्यातल्या कालनिर्णयवर शनिवारच्या चौकोनात लिहीत जा. या शनिवारी सातला ये, ठोकळे मी काढून ठेवतो.

तुझा,
वस्ताद